सहा हातांचा वीर आणि तेरची अर्धी बाहुली

चित्रकथा हा शब्द उच्चारताच आमच्या पालकवर्गापैकी पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात, हे आम्ही जाणून आहो. गणिताच्या वहीमागे दडविलेले 'कॉमिक' सापडल्यावर घरात जो प्रसंग ओढवतो, तो ज्यांनी स्वतः बालपणी भोगला तेच गृहस्थ आज आपल्या मुलांवर तोच प्रसंग आणतात, ही त्यातील मौज होय. मुलांनी चित्रकथा वाचाव्या की न वाचाव्या, हा वाद आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्यांनी त्या रचाव्या, असे मात्र आम्ही आग्रहाने म्हणू. वाचणारा मुलगा एका बैठकीत चार पुस्तके फस्त करतो. रचणाऱ्यास एका पृष्ठासाठी आठवडा पुरत नाही, आणि त्या आठवड्यात तो जितका विचार करतो, तितका निबंधाच्या तासाला आम्ही त्याच्याकडून क्वचितच करवून घेऊ शकलो आहो. हे लिहावयास या वर्षी एक निमित्त घडले. त्यात आमची एक चूकही आहे; तीच प्रथम सांगितलेली बरी.

शाळेच्या हस्तलिखितासाठी एक अद्भुत चित्रकथा तयार करावयाची असे ठरले, तेव्हा नववीतील एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच दिवशी आपला नायक कागदावर उतरवून आणला. त्या वीरास सहा हात होते. प्रत्येक हातात निराळे शस्त्र, पाठीवर वाऱ्याने फुगलेला झगा, नेत्र आरक्त, आणि दंडांचे स्नायू असे की, आमच्या व्यायामशिक्षकांनीही मान डोलवावी. आम्ही विचारले, "या वीरास काय हवे आहे?" उत्तर आले, "तो सर्वांना हरवतो." "सर्वांना म्हणजे कोणाला?" "सर्वांना." "आणि सर्वांना हरविल्यावर?" यावर मुलगा गप्प झाला. तेथेच आम्ही थांबावयास हवे होते. परंतु साऱ्या वर्गासमक्ष आम्ही त्यास म्हणालो की, हे खोडून टाक आणि दुसरे काही विचारपूर्वक काढ. त्याने ते खोडले नाही. वही मिटली, आणि पुढले तीन आठवडे त्याने चित्रकलेच्या तासालाही पेन्सिल हाती धरली नाही. प्रश्न योग्य होते, पण ते विचारण्याची आमची रीत खचित योग्य नव्हती. मुलाने चित्र काढले होते. पात्र अद्याप जन्मास यावयाचे होते. आणि जन्मास यावयाच्या जिवास कोणी खोडून टाका म्हणत नसते.

पुढे आमची सहल तेरला गेली. तेरणेच्या काठचे हे गाव आज एखाद्या बाजारगावासारखे दिसते. परंतु पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथात 'तगर' म्हणून ज्या मोठ्या नगराचा उल्लेख आहे, ते हेच. भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असा त्या ग्रंथातील हिशेब आहे. तगराहून साधे कापड, तलम मलमल व इतर माल गाड्यांवर लादून, जेथे धड रस्ते नव्हते अशा मुलखातून भडोचला नेला जात असे. हे तगर नेमके कोठे, याविषयी विद्वानांत पुष्कळ काळ वाद होता; जुन्नर, दौलताबाद अशी निरनिराळी स्थळे सुचविली गेली. अखेर १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे साधार प्रतिपादिले, आणि १९५८ मध्ये चापेकर यांनी येथे उत्खनन केले. तथापि तेरच्या पांढरीतून वर येणाऱ्या वस्तूंचे मोल कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्याइतके कोणीच ओळखले नसेल. गावातला हा गृहस्थ. लोक ज्यांस खापरे म्हणून टाकून देत, ती हा जपून ठेवी. त्यांच्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आहे.

त्या संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावयास बाहेरून लोक येतात. तिच्या जातीची एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली. ते नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. आमची मुले मात्र हस्तिदंतापुढे फार वेळ थांबली नाहीत. ती गर्दी करून उभी राहिली, ती पांढऱ्या मातीच्या लहान लहान बाहुल्यांपुढे. या बाहुल्या दुहेरी साच्यात घडविलेल्या असत: पुढली बाजू एका साच्यात, मागली दुसऱ्यात; मग दोन्ही अर्धे जोडावयाचे. आतून बाहुली पोकळ. त्यांत एकीची पुढली अर्धी बाजूच तेवढी उरली होती. नीट विंचरलेले केस, कानांत मोठी कुंडले, आणि मागे काहीच नाही. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "हिची पाठ कुठे गेली?"

आमच्या मते आमची चित्रकथा त्या प्रश्नात जन्मली. सहा हातांच्या वीरास आम्ही जे विचारले होते व ज्याचे उत्तर मिळाले नव्हते, ते या बाहुलीने न विचारता सांगितले. तिला काय हवे आहे? तिची पाठ. ती कोठे आहे? परतीच्या बसमध्ये मुलांनी ठरविले की, ती एका गाडीतून भडोचला गेली आहे. मग हिनेही तेथवर गेले पाहिजे. बाहुलीचे नाव 'तगरी' ठेवण्यात आले, आणि तिला नेणारा म्हणून एका गाडीवानाचा पोर निर्माण झाला. त्याचे नाव नागू. हा नागू थापाड्या आहे. आपण भडोच दहादा पाहिले आहे असे तो साऱ्या तगरात सांगत सुटतो. वस्तुतः पैठणच्या पुढे त्याने पाऊल टाकलेले नाही. वाट तीस दिवसांची आणि त्यास ठाऊक दहाच दिवसांची! अकराव्या दिवशी काय होणार, हे भय पहिल्या चौकटीपासून त्याच्या चेहऱ्यावर दिसावे लागते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका व्यापाऱ्याने नोंदलेला आकडा आमच्या मुलांना एका पोराचा स्वभाव देऊन गेला, याचे आम्हांस अद्याप नवल वाटते.

अद्भुत कथेविषयी मुलांची एक समजूत असते की, तीत काहीही घडू शकते. ही समजूत आम्हांस घातक वाटते. जेथे काहीही घडू शकते, तेथे कशाचीच काळजी वाटत नाही. आणि काळजी न वाटणारा वाचक पान उलटीत नाही. तेरलाच याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील प्राचीन मंदिरांच्या काही विटा पाण्यावर तरंगतात. प्रथम ऐकणाऱ्यास ही जादू वाटावी. परंतु तिचे कारण असे सांगतात की, विटेच्या मातीत भुसा मिसळलेला असे. भट्टीत तो जळून जाई व त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहत, म्हणून वीट हलकी. मुलांना आम्ही म्हणालो की, तुमची जादूही अशीच हवी: तिला कारण असावे, आणि तिच्यासाठी काहीतरी जळलेले असावे.

यावर पुष्कळ खल झाला. तगरी चालू शकते, पण केवळ रात्री, हे लवकर ठरले. चालण्याची किंमत काय? कोणी म्हणाले, तिने आपली वाचा गमवावी. कोणी म्हणाले, एकेक दागिना द्यावा. शेवटी त्याच सातवीतल्या मुलीने सांगितले की, प्रत्येक रात्री तिच्या कडेचा एक कण झडतो. वर्ग काही क्षण स्तब्ध झाला. कारण कडा झडली तर दुसरी अर्धी बाजू सापडूनही जुळणार नाही. म्हणजे जितकी ती जवळ जाईल, तितकी न जुळणारी होईल. एवढा एक नियम ठरला आणि कथेला कोणी ढकलावे लागेना. ती आपल्या पायांनी चालू लागली.

येथे एका नाजूक प्रश्नाचा उल्लेख करणे भाग आहे. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे आणि आमच्या पालकांपैकी कित्येक घरी वारीची परंपरा आहे. दोघा विद्यार्थ्यांनी सुचविले की, गोरोबाकाकांनाच नायक करावे: फिरते चाक हे त्यांचे अस्त्र, हातांतून तेजाचे झोत, समोर राक्षस. सूचना श्रद्धेने केलेली होती, टवाळीने नव्हे. तरीही आम्ही ती मान्य केली नाही. आमच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात आणि कोणाच्या भावनेस धक्का लागू नये, हे एक कारण खरेच. परंतु केवळ तेवढ्यावर आम्ही थांबलो असतो, तर ते भित्रेपण ठरले असते. खरे कारण कथेचेच आहे. चिखल तुडविताना नामात तल्लीन झालेल्या या कुंभाराच्या पायांखाली त्याचेच तान्हे बाळ आले, ही कथा महाराष्ट्रात ज्याला ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. तिचे सारे सामर्थ्य त्या हानीत आहे. अशा पुरुषाच्या हातांत तेजाचे झोत दिले की, मग त्याने बाळास का वाचविले नाही, हा प्रश्न प्रत्येक लहान वाचक विचारील, आणि त्यास उत्तर देता देता आपण ती मूळ कथाच नासवून टाकू. सामर्थ्य वाढविल्याने पात्र मोठे होते, हा भ्रम होय. गोरोबाकाका तेराव्या-चौदाव्या शतकातले, आणि आमची तगरी त्यांच्याही हजाराहून अधिक वर्षे आधीची. म्हणून मुलांनी एवढेच केले की, तगर सोडताना शेवटच्या चौकटीत एक अनामिक कुंभार थापटण्याने मडके वाजवून पाहत बसलेला दाखविला. ज्यांस ओळखावयाचे ते ओळखतील. आम्हांस हे पुरेसे वाटले. काही पालकांस ते कमी वाटेल, तर काहींस अधिकही.

दुसरीकडे, आपल्या मातीतले नाव घेतले म्हणजे पात्र आपले झाले, असेही नव्हे. अमेरिकेत ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला बुरखेधारी वीर १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आला, आणि मराठीत त्याचे नाव 'वेताळ' झाले. कोकणात व गोव्यात वेताळाची देवळे आहेत, वेताळपंचविशी घरोघरी ठाऊक आहे. पण या वेताळाचा त्या वेताळाशी नावापलीकडे संबंध नव्हता. तरीही तो मुलांस आवडला, तो नावामुळे नव्हे. बापाची शपथ मुलाने पुढे चालवावयाची, हे ओझे त्याच्या शिरावर होते, म्हणून. उलट, सतराव्या शतकाच्या आरंभी गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचले. त्यांनी आणलेली कथा दूरदेशीची, पण ओवी येथली, शब्द येथले. १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या त्या ग्रंथास आपण निःशंकपणे मराठी म्हणतो. तेव्हा कथाबीज कोठून आले यापेक्षा ते कोणत्या मातीत रुजविले, हे आम्ही अधिक पाहू.

पात्राच्या बाह्यरूपाविषयीही दोन शब्द. चित्रकथेत एकच मनुष्य शंभर वेळा काढावा लागतो: उभा, बसलेला, पाठमोरा, दूर टेकडीवर ठिपक्याएवढा, आणि प्रत्येक वेळी तो तोच आहे हे पटले पाहिजे. आमच्या मुलांना पहिल्या चार पानांत नागू चार निरनिराळ्या घरांतले भाऊ वाटावे इतका बदलला. मग एका मोठ्या कागदावर त्याचे सर्व बाजूंनी रूप काढून तो भिंतीस लावण्यात आला. हल्ली संगणकास चार शब्द सांगितले की क्षणात चित्र हाती येते, तसे एकाने आणूनही दाखविले. चित्र देखणे होते. पण त्यातील नागूस आपण खोटे बोललो आहो याची दादच नव्हती. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे, ठाकर समाजातील चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारतातील कथा चित्रांच्या पोथ्यांवरून सांगत आले. सुटे कागद एकामागून एक समोर धरावयाचे आणि गात गात कथा सांगावयाची. चित्रातले मोठाले डोळे आणि ठसठशीत रेषा दुरूनही ओळखू येतात. आणि जे चित्रात दिसते तेच पुन्हा शब्दांत सांगत बसण्याचे कारण उरत नाही. आमची मुले मात्र नागू पळताना काढीत आणि वर फुग्यात लिहीत, 'मी पळत आहे.' असे सतरा फुगे आम्ही मोजून पुसविले.

मुंबईचे चित्रकार राम वाईरकर यांचे उदाहरण आम्ही वर्गात पुष्कळदा दिले. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्र कथेतील 'कृष्ण' त्यांच्याच हातचा, आणि 'टिंकल' मासिकातला भोळसट सुपंडीही त्यांच्याच हातचा. देवाचे रूप रेखाटणारा हात वेंधळ्या चाकराचे टोकदार डोकेही तितक्याच प्रेमाने रेखाटतो, हे पाहिले म्हणजे पात्राची थोरवी त्याच्या पदवीवर अवलंबून नसते, हे पटते. आणि रूपाचे वर्णन मुळीच नसताना पात्र किती जिवंत होते हे पाहावयाचे असेल, तर प्रभूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दृष्टांत वाचावा. त्या मुलाचे नाव नाही, वय नाही, नाकडोळे नाहीत. आपला वाटा त्याने मागितला, आणि पुढे डुकरांच्या शेंगांवर पोट भरावे अशी त्याची इच्छा झाली. एवढ्यावर जगातले चित्रकार शतकानुशतके त्यास ओळखून रेखाटीत आले आहेत.

आता सहा हातांच्या वीराकडे वळू. सहलीनंतर एके दिवशी तो विद्यार्थी आपण होऊन आमच्याकडे आला. त्याने वही उघडली. ते चित्र तसेच होते. तो म्हणाला, "याला काय हवे आहे ते अजून कळले नाही. पण याची अडचण कळली. याचा एकही हात मोकळा नाही."

आम्ही त्यास पुढे काही सुचविले नाही. एवढे शहाणपण या वेळी आम्हांस आले होते. त्याने त्या वीरास नदीच्या उतारावर पहारेकरी म्हणून उभे केले. व्यापाऱ्यांनी त्यास तेथे नेमले आहे, लोक त्यास भितात, आणि जन्मात त्याने कधी कशाला हात लावलेला नाही, कारण हातांत शस्त्रे. पूर येतो, नागूची गाडी उलटते, तगरी पाण्यात पडते. अर्धी बाहुली ती, आतून वाटीसारखी खोल. बुडत नाही, तरंगते, आणि वीराच्या पुढून वाहत जाऊ लागते. तिला उचलावयाचे तर एक शस्त्र टाकले पाहिजे. कोणते टाकावे, यासाठी त्या मुलाने सहा निरनिराळी चित्रे काढली. तलवार टाकलेली, परशू टाकलेला, धनुष्य टाकलेले. शेवटी जे पृष्ठ त्याने कायम केले, त्यात वीराने ढाल टाकली आहे. आम्ही विचारले, "तलवार का नाही?" त्याने सांगितले, "तलवार टाकली तर तो दुसऱ्याला कमी मारेल, एवढेच. ढाल टाकली की आता त्यालाही लागू शकेल."

ज्या पालकांस असे वाटते की या खटाटोपाने परीक्षेच्या अभ्यासाची हानी होते, त्यांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांस या कामात घेतले नव्हते, आणि इतरांसही आठवड्यातून दोनच तास दिले होते. ते त्यांनी घरी चोरून वाढविले असतील, तर त्याचा दोष आमच्याकडे घ्यावयास आम्ही तयार आहो. एका मातोश्रींनी आम्हांस कळविले की, त्यांचा मुलगा रात्री जेवतानाही बैलाच्या खुरांविषयी प्रश्न विचारतो. खूर बरोबर काढले आहेत. हस्तलिखित उघडून त्यांनी अवश्य पाहावे.

भडोचचे पान मात्र अद्याप अपुरे आहे. पाठीची अर्धी बाजू सापडली, येथवर सर्वांचे एकमत आहे. कडा जुळते की नाही, यावर वर्ग दुभंगला आहे. लहान मुलांना ती जुळावी असे वाटते. सातवीतली ती मुलगी म्हणते की, नियम आपणच केला आहे, तो आता मोडता येणार नाही. नागूने मधल्या फटीत तगरची माती भरावी, असे तिसरा पक्ष सांगतो. त्यावर, अकराव्या दिवसानंतर वाट चुकलेल्या नागूजवळ तगरची माती आली कोठून, असा बिनतोड सवाल निघाला आणि त्या तासाची घंटा झाली. बांधणीवाल्यास हस्तलिखित सोमवारी द्यावयाचे होते. मुलांनी आणखी एक आठवडा मागितला. आम्ही तो दिला आहे.